किफायतशीर कोणाला?

उसाच्या गळीत हंगामापूर्वी केंद्र सरकार उसाचा जो दर जाहीर करते, त्याला मराठी वृत्तपत्रांत ‘रास्त आणि किफायतशीर दर’ असे म्हणण्याचा प्रघात आता चांगला रुळला आहे. आणि ज्या अंकात ही वार्ता छापली जाते, त्याच अंकाच्या कोणत्या तरी पानावर किफायतशीर दरात लाकडी सामान, किफायतशीर दरात तीर्थयात्रा, किफायतशीर दरात डोळ्यांची शस्त्रक्रिया अशा जाहिरातीही वाचकाच्या दृष्टीस पडतात. पहिल्या ठिकाणी या विशेषणाचा अर्थ असा की, पिकविणाऱ्याच्या पदरात सर्व खर्च वजा जाता काही शिल्लक उरावी इतका तो दर चढा असावा. दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ असा की, विकत घेणाऱ्याच्या खिशाला तोशीस पडू नये इतका तो दर उतरता असावा. एकच शब्द, एकाच दिवशी, एकाच वृत्तपत्रात, एकदा महागाईच्या बाजूने आणि एकदा स्वस्ताईच्या बाजूने साक्ष देतो, आणि या विसंगतीकडे कोणाचे लक्ष जात नाही, याचे कारण मला असे दिसते की, या दोन अर्थांपैकी पहिला अर्थ सुशिक्षित नागर वाचकाच्या मनातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

एका शब्दाला दोन अर्थ असणे ही कोणत्याही भाषेला नवी किंवा उणेपणाची गोष्ट नव्हे. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारचे देणे, या दोहोंत संदर्भामुळे घोटाळा होत नाही. परंतु दोन अर्थ एकमेकांच्या नेमके उलट असावेत, दोहोंचा विषय एकच म्हणजे वस्तूचा भाव असावा, आणि त्यांपैकी एका अर्थावर लक्षावधी कुटुंबांच्या न्याय्य मागणीचा पाया रचलेला असावा, अशा ठिकाणी हा द्व्यर्थ निरुपद्रवी राहत नाही. ‘किफायतशीर’ हा शब्द उत्पादकाच्या बाजूचा आहे, तो तसाच राहावा, आणि स्वस्त या अर्थी त्याचा जो वापर गेल्या काही दशकांत फोफावला आहे तो मराठी लिहिणाऱ्यांनी जाणीवपूर्वक थांबवावा, असे माझे मत आहे. आणि ते केवळ कोशातील जुन्या अर्थाच्या ममतेने बनलेले नाही.

‘किफायत’ हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसी दप्तराच्या वाटेने मराठीत आला. जमा, खर्च, हिशोब, बाकी, वसूल, रक्कम, कर्ज, नफा, फायदा हा जमाखर्चाच्या वहीतला सारा परिवार त्याच वाटेने आलेला आहे. शिवकालात रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि त्यांतील कित्येक रुजलेही. परंतु बाजारपेठेतल्या आणि कुळकर्ण्याच्या दप्तरातल्या या शब्दांनी मराठीत जी मुळे धरली ती उपटली गेली नाहीत, आणि आज त्यांना परके म्हणणे म्हणजे आपल्याच आजोळाला परके म्हणण्यासारखे होईल. मूळ अरबी धातूचा अर्थ पुरणे, पुरेसे होणे असा आहे. हिंदीच्या संगतीने आपण ज्याला ‘काफी’ म्हणतो, तो शब्दही याच धातूपासून निघालेला आहे. मराठीने ‘किफायत’ शब्दाला लाभ, नफा, प्राप्ती हा अर्थ दिला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. या दोहोंतही किफायत म्हणजे फायदा, नफा हाच अर्थ मुख्य आहे. त्यापासून झालेले ‘किफायतशीर’ हे विशेषण अर्थातच फायदेशीर, नफा देणारे, या अर्थाचे. ‘किफायतशीर धंदा’ म्हणजे ज्यात पैसा सुटतो तो धंदा. स्वस्तात करता येणारा धंदा असा त्याचा अर्थ कोणत्याही मराठी माणसाने केला नसता, आणि खेड्यापाड्यांतला माणूस आजही करीत नाही. शेळीपालन, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय यांविषयी शेतकऱ्यांसाठी ज्या मार्गदर्शक पुस्तिका निघतात, त्यांच्या मथळ्यांत हा शब्द अजूनही आपल्या मूळ तेजाने वावरत असतो.

हिंदी-उर्दूत मात्र या शब्दाने निराळा मार्ग धरला. तेथे किफायत म्हणजे काटकसर, आणि ‘किफायती’ म्हणजे कमी खर्चाचे, स्वस्त. एकाच मूळ अर्थापासून दोन भाषा अशा विरुद्ध टोकांना कशा पोहोचल्या, हे पाहण्यासारखे आहे. पुरेसे होणे ही गोष्ट दोन प्रकारांनी साधते: ज्याची प्राप्ती ठरलेली असते, त्याला आपला खर्च आवरूनच ती पुरवावी लागते, आणि ज्याचा खर्च आवरण्यापलीकडचा असतो, कारण बियाणे, खत, मजुरी, पाणी आणि बैलांची वैरण ही त्याच्या इच्छेवर अवलंबून नसतात, त्याला प्राप्ती वाढल्यावाचून पुरेसे होत नाही. पहिला दृष्टिकोण पगारदाराचा आणि गृहस्थाश्रमातल्या खर्चाचा, दुसरा उत्पादकाचा आणि व्यापारउदिमाचा. हिंदीने पहिला अर्थ घेतला, मराठीने दुसरा. यात कोणती भाषा बरोबर आणि कोणती चूक असा प्रश्नच नाही. दोन्ही अर्थ आपापल्या घरी शुद्ध आहेत. चूक होते ती एका घरातला अर्थ दुसऱ्या घरात न विचारता आणून ठेवल्यामुळे.

आणि ही चूक कोणत्या वाटेने झाली हेही स्पष्ट आहे. देशभर खपणाऱ्या मालाच्या जाहिराती प्रथम हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिल्या जातात, सरकारी योजनांची पत्रके दिल्लीहून हिंदीत निघतात, आणि मग कोणी तरी घाईत त्यांचे मराठी करतो. हिंदीतील ‘किफायती दाम’ समोर आले की, त्याच्याशी दिसण्यात जुळणारे ‘किफायतशीर दर’ हे शब्द लेखणीतून आपोआप उतरतात. अर्थ तपासण्यास तेथे सवड नसते. विशेष म्हणजे स्वतः हिंदीने या बाबतीत गोंधळ होऊ दिलेला नाही. उसाच्या ज्या दराला आपण ‘रास्त आणि किफायतशीर’ म्हणतो, त्याला हिंदीत ‘उचित और लाभकारी मूल्य’ असे नाव आहे. म्हणजे ग्राहकासाठी किफायती आणि शेतकऱ्यासाठी लाभकारी, असे दोन वेगळे शब्द हिंदीने दोन वेगळ्या माणसांसाठी राखून ठेवले. मराठीतही अशीच व्यवस्था होती: शेतकऱ्यासाठी किफायतशीर, आणि ग्राहकासाठी स्वस्त, माफक, वाजवी, परवडणारे. हिंदीचा शब्द घेतला पण तिची व्यवस्था घेतली नाही, म्हणून आपली व्यवस्था मोडली.

कोणी म्हणेल, किफायतशीर गेला तर गेला, नफा आहे, फायदा आहे, लाभ आहे. उत्पादकाचे म्हणणे त्या शब्दांत मांडता येणार नाही काय? या शंकेचा विचार सावकाशीने केला पाहिजे, कारण माझ्या मते या शब्दाचे खरे मोल येथेच कळते.

‘नफा’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ हित, उपयोग असा निर्मळ आहे. तथापि आपल्या सार्वजनिक भाषेत त्याला एक डाग लागला, आणि तो डाग मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. धान्याची टंचाई, काळाबाजार आणि बंगालचा भीषण दुष्काळ यांच्या छायेत १९४३ साली हिंदुस्थान सरकारने साठेबाजी आणि नफेखोरी यांना प्रतिबंध करणारा वटहुकूम काढला. साठेबाजीचे आणि नफेखोरीचे नाव तेव्हापासून सरकारच्या आणि वृत्तपत्रांच्या भाषेत जे एकत्र जोडले गेले ते आजतागायत सुटलेले नाही. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय खाणाऱ्याचा वाचक. लाचखोर, भांडखोर, हरामखोर या मालिकेत नफा जाऊन बसला. दुष्काळात धान्य दडवून ठेवणाऱ्याची संभावना त्या शब्दाने झाली हे योग्यच होते. परंतु परिणाम असा झाला की, पुढे प्रामाणिकपणे नफा मिळविणाऱ्यालाही आपण नफा मिळवितो असे उघड सांगताना जीभ अडखळू लागली, आणि शेतकऱ्याने ‘मला नफा हवा’ असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित अप्रीती उमटू लागली. ‘फायदा’ या शब्दाची गतही फारशी निराळी नाही. फायदा होणे चांगले, पण फायदा घेणे, फायदा उचलणे हे वाक्प्रयोग संशयाचे, आणि ‘गैरफायदा’ तर सरळ निंदेचाच. राहिला ‘लाभ’. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी शुभाच्या जोडीला लिहिला जाणारा हा मंगल शब्द अलीकडे सरकारी योजनांच्या हाती गेला असून, त्यापासून झालेला ‘लाभार्थी’ हा शब्द आता, दुसऱ्याने दिलेले घेण्यासाठी यादीत नाव लावून उभा राहिलेला मनुष्य, एवढ्याच अर्थाने उरला आहे. कष्ट करून मिळविलेला लाभ आणि अनुदान म्हणून खात्यात आलेला लाभ यांत ती भाषा भेद करीत नाही.

या सर्व शब्दांत ‘किफायतशीर’ हा एकच असा राहिला होता की, ज्याच्यात प्राप्तीचा अर्थ पूर्णपणे होता आणि हावरेपणाची छटा मुळीच नव्हती. किफायतशीर भाव मागणारा मनुष्य अवाच्या सवा भाव मागत नाही आणि भीकही मागत नाही. घातलेला खर्च भरून निघावा आणि वर संसार चालावा इतके उरावे, एवढेच तो म्हणतो. मूळ धातूतला पुरेसेपणा येथे नफ्याला आतून मर्यादा घालतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, व्यापाऱ्यांवर देखरेख कशी ठेवावी ते सांगणाऱ्या प्रकरणात, स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० इतका नफा व्यापाऱ्याने घ्यावा असा नियम आहे, आणि त्या नफ्यासाठी कौटिल्याने योजलेला शब्द ‘आजीव’ म्हणजे उपजीविका हा आहे. ज्यावर मनुष्य जगतो तो नफा, ही कल्पना संस्कृतात आजीव या शब्दाने आणि मराठीत, अरबीच्या उसनवारीने का होईना, किफायत या शब्दाने व्यक्त झाली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. असा शब्द हातचा घालविणे म्हणजे नफ्याविषयी न लाजता आणि न माजता बोलण्याची सोय घालविणे होय.

आता उसाच्या दराकडे पुन्हा येतो, कारण तेथे हा शब्द कायद्याच्या परिभाषेत बसलेला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली पूर्वी उसाची वैधानिक किमान किंमत ठरत असे. २००९ साली त्या व्यवस्थेत बदल होऊन त्या जागी रास्त आणि किफायतशीर दर आला, आणि दर ठरविताना ज्या गोष्टी विचारात घ्यावयाच्या त्यांत, उत्पादनखर्च, साखरेचा उतारा, मळी आणि बगॅस यांसारख्या उपपदार्थांची किंमत इत्यादींच्या जोडीला, उत्पादकाची जोखीम आणि त्याचा नफा यांपोटी वाजवी शिल्लक राहिली पाहिजे ही बाब स्पष्ट शब्दांत घालण्यात आली. ही लहान गोष्ट नव्हे. ‘किमान’ या शब्दात शेतकऱ्याला बुडू द्यायचे नाही एवढाच संकल्प होता. ‘किफायतशीर’ या शब्दात त्याने वर यावे हे मान्य झाले. २००९-१० च्या हंगामात, साडेनऊ टक्के उताऱ्याला, हा दर क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होता; २०२५-२६ च्या हंगामासाठी तो, सव्वादहा टक्के उताऱ्याला, ३५५ रुपये ठरला. ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत आणि उशीर झाल्यास द.सा.द.शे. १५ टक्के व्याज दिले पाहिजे, असाही नियम त्याच आदेशात आहे; त्याच्या अंमलबजावणीसाठी शेतकऱ्यांना महाराष्ट्रात वारंवार रस्त्यावर यावे लागले, हा भाग निराळा.

या नावातील पहिला शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. रास्त म्हणजे सरळ, खरे, न्याय्य. हा शब्द दोन्ही बाजूंकडे सारख्याच दृष्टीने पाहतो. म्हणूनच शिधापत्रिकेवर धान्य देणाऱ्या दुकानाला ‘रास्त भाव दुकान’ म्हणतात आणि शेतकरीही ‘रास्त भाव’ मागतो, आणि दोघांनाही तो शब्द शोभतो. मग उसाच्या दराच्या नावात उत्पादकाची बाजू सांगणारा शब्द उरतो तो केवळ किफायतशीर हाच. त्याचा अर्थ उद्या सर्वमान्यपणे स्वस्त असा झाला, तर रास्त आणि किफायतशीर दर म्हणजे कारखान्याला स्वस्त पडणारा दर, असे वाचण्यास भाषेची काहीच हरकत राहणार नाही.

दर किफायतशीर आहे की नाही, हा वाद मुळात खर्च कोणता धरावा या वादातून निघतो, हे येथे विसरता कामा नये. केंद्राचा कृषिमूल्य आयोग १९६५ साली स्थापन झाला आणि १९८५ पासून त्याच्या नावातच किमतीच्या जोडीला खर्च आला. हा आयोग खर्चाचे अनेक हिशोब मांडतो. एकात शेतकऱ्याने प्रत्यक्ष रोख वा वस्तुरूपाने केलेला खर्च येतो. दुसऱ्यात त्याच्या जोडीला घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरी धरली जाते. तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही मोजले जाते. पहिला हिशोब ‘ए-२’, दुसरा ‘ए-२ अधिक कुटुंबश्रम’ आणि तिसरा ‘सी-२’ या नावांनी ओळखला जातो. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्ये आपले काम संपविताना हमीभाव उत्पादनखर्चाच्या निदान दीडपट असावा अशी शिफारस केली, आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपटीचे तत्त्व स्वीकारल्याचे जाहीरही केले. परंतु दीडपट धरावयाची ती दुसऱ्या हिशोबाची की तिसऱ्या, या प्रश्नावर शेतकरी संघटना आणि सरकार यांचे आजवर एकमत झालेले नाही. २०२५-२६ साठी उसाचा खर्च आयोगाने क्विंटलला १७३ रुपये धरला आणि त्या मानाने दर दुपटीहून अधिक आहे असे सरकारने सांगितले. हा आकडा साऱ्या देशाच्या सरासरीचा आहे, त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, आणि महाराष्ट्रात तर तोडणी-वाहतुकीची रक्कम या दरातूनच कापली जाते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने जमीन अडवून उभा असतो, तेवढ्या काळात त्या जमिनीत दुसरे काही पिकले असते याचा विचार ज्या हिशोबात नाही, त्या हिशोबाने ठरलेला दर किती पुरेसा, हे ज्याच्या शेतात ऊस उभा आहे त्यालाच विचारले पाहिजे. यात सरकारवर अप्रामाणिकपणाचा आरोप नाही. एवढेच म्हणणे आहे की, किफायत हा शब्द मनात जागा असला म्हणजे खर्चाच्या तिन्ही हिशोबांची चौकशी करण्याची बुद्धी होते, आणि तो झोपला म्हणजे जाहीर झालेला आकडा हाच शेवटचा आकडा ठरतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर दरापलीकडे जाऊनही शोधले होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५०-५१ च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले, आणि ऊस विकून थांबण्याऐवजी साखरेच्या किमतीतला वाटाही उत्पादकाने घ्यावा ही कल्पना प्रत्यक्षात आली. पुढे शरद जोशी यांनी चाकणच्या कांद्यापासून आरंभ करून १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे ३०० रुपये मिळावेत म्हणून रस्ते आणि लोहमार्ग अडविणारे जे आंदोलन उभारले, त्याचे सारे तत्त्वज्ञान उत्पादनखर्चावर आधारलेल्या भावाचे होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या त्यांच्या संघटनेच्या घोषणेत किफायत हा शब्द नाही, पण तिचा संपूर्ण आशय आहे. गाडगीळांचा मार्ग संस्थेचा, जोशींचा बाजाराचा. दोघांची मते पुष्कळ ठिकाणी एकमेकांशी जुळणारी नव्हती. तरी शेतीत नफा असणे ही लाजेची नव्हे तर आवश्यकतेची गोष्ट आहे, याविषयी दोघांत मतभेद नव्हता.

कांद्याच्या बाबतीत हा भाषिक घोटाळा अधिकच ठळकपणे दिसतो. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव पुकारला जातो तेव्हा शेतकऱ्याच्या मनात किफायतशीर भाव असतो तो वेगळा, आणि मुंबईच्या भाजीबाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीच्या मनात किफायतशीर भाव असतो तो वेगळा. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, मे २०२४ मध्ये ती उठविली तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आणि ही सारी कारवाई देशात कांदा ग्राहकाला योग्य दरात मिळावा या हेतूने केल्याचे सांगण्यात आले. ग्राहकाची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, परंतु त्या काळजीचे मोल कोणाच्या चाळीतल्या कांद्याने चुकते केले हे सांगण्यासाठी भाषेत दोन स्वतंत्र शब्द असावे लागतात. ‘कांदा किफायतशीर झाला’ या वाक्याचा अर्थ नाशिककराने एक आणि मुंबईकराने नेमका उलट करावयाचा असेल, तर त्या दोघांत संवाद कसा व्हावा?

येथे एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. ‘परवडणे’ हे शुद्ध देशी क्रियापद दोन्ही बाजूंनी वापरले जाते. शेतकरी म्हणतो, या भावात ज्वारी परवडत नाही. ग्राहक म्हणतो, या भावात डाळ परवडत नाही. पहिल्याला भाव कमी म्हणून परवडत नाही, दुसऱ्याला जास्त म्हणून. मग जो द्व्यर्थ परवडण्याला चालतो तो किफायतीला का चालू नये? उत्तर व्याकरणात आहे. परवडणे या क्रियापदाला कोणाला हा प्रश्न चिकटलेलाच असतो. मला परवडते, त्याला परवडते, कारखान्याला परवडते, असा चतुर्थीतला मनुष्य त्या वाक्यात उघड किंवा अध्याहृत उभा असतो आणि त्याच्यावरून अर्थाची दिशा ठरते. किफायतशीर हे विशेषण मात्र भावाला, दराला, वस्तूला लागते. त्याच्या मागे मनुष्य दिसत नाही. ज्या विशेषणातून मनुष्य गळून पडलेला असतो, त्याची दिशा रूढीनेच पक्की राहिली पाहिजे. रूढी सुटली की ते विशेषण ज्याच्या हातात जाहिरातीचा पैसा अधिक, त्याच्या बाजूला वळते. तसे ते वळलेले आहे.

दुसरा आक्षेप असा येईल की, भाषा ही नदीप्रमाणे वाहते, अर्थ बदलतात, त्यांना बांध घालू नयेत. अर्थ बदलतात हे खरेच आहे; अरबीतल्या पुरेपणाचा मराठीत नफा झाला तोही एक अर्थपालटच होता, आणि त्याला कोणी बांध घातला नाही. मीही भाषाशुद्धीच्या आग्रहाने हे लिहीत नाही. ज्या शब्दाची मी बाजू घेतो तोच मुळी अरबी आहे. परंतु अर्थ बदलण्याचे दोन प्रकार असतात. एकात बोलणाऱ्या समाजाच्या अनुभवातून शब्दाला नवा पदर फुटतो आणि भाषा श्रीमंत होते. दुसऱ्यात, ज्यांना त्या शब्दाची गरज आहे त्यांना न विचारता, भाषांतराच्या घाईने त्याचा अर्थ बदलतो आणि भाषेला एक भेद कमी सांगता येऊ लागतो. जेथे भाषेने आधीच दुसऱ्या अर्थासाठी चार-चार शब्द तयार ठेवले आहेत, तेथे पाचव्याला जबरदस्तीने त्या रांगेत उभे करून पहिली जागा ओस पाडण्यात कोणता विकास आहे, हे मला समजत नाही.

आणि असे पर्याय खरोखरच आहेत. सरकारने घरांच्या योजनेसाठी ‘परवडणारी घरे’ हा शब्दप्रयोग केला, तो लोकांनी तत्काळ उचलला आणि आज तो साऱ्या महाराष्ट्रात कळतो. तेथे किफायतशीर घरे असे लिहिण्याची गरज भासली नाही. दुकानदाराला आपला माल कमी किमतीचा आहे असे सांगावयाचे असेल तर स्वस्त म्हणावे. स्वस्त या शब्दात कमी प्रतीची छटा येते अशी भीती वाटत असेल तर माफक म्हणावे, वाजवी म्हणावे. यंत्राला इंधन कमी लागते असे सांगावयाचे असेल तर कमी खर्चाचे किंवा काटकसरीचे म्हणावे. यांपैकी प्रत्येक शब्द आपापल्या जागी नेमका आहे आणि त्यांतला एकही शेतकऱ्याकडून काही हिरावून घेत नाही.

म्हणून वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत भाषांतराचे काम करणाऱ्यांना, सरकारी पत्रके मराठीत आणणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की, हिंदीत किफायती हा शब्द समोर आला म्हणजे त्याचे मराठी परवडणारे किंवा माफक असे करावे, आणि किफायतशीर हा शब्द जेथे कोणाच्या तरी कष्टाची भरपाई होऊन वर काही उरते, तेथेच लिहावा. वाचकांनीही किफायतशीर दरात असे शब्द जेथे आढळतील तेथे, तो दर किफायतशीर कोणाला, असा प्रश्न संपादकाला एका ओळीच्या पत्राने अवश्य विचारावा.